गाडी कोठे आहे?

सायंकाळच्या वेळी तालुक्याच्या कोणत्याही एस.टी. स्थानकावर जाऊन उभे राहावे. चौकशीच्या खिडकीपाशी जी गर्दी असते तिच्या तोंडी एकच प्रश्न असतो : गाडी कोठे आहे? बाजार करून परतणारी बाई, महाविद्यालय सुटल्यावर गावी निघालेल्या मुली, सरकारी रुग्णालयातून औषधांची पिशवी घेऊन आलेला वृद्ध, बांधकामावरची मजुरी आटोपून निघालेले जोडपे, या सर्वांना हेच विचारावयाचे असते. खिडकीतील वाहतूक नियंत्रक बहुधा 'येईल' एवढेच सांगतो. तो खोटे बोलत नसतो; त्यालाही अधिक ठाऊक नसते. गाडी मागच्या आगारातून निघाली की नाही, निघाली असल्यास घाटात अडकली की वाटेत बंद पडली, हे कळण्याचे साधन वर्षानुवर्षे त्याच्या हाती नव्हते. फार तर मागच्या स्थानकाला दूरध्वनी करावयाचा आणि तिकडून कोणी उचलला तर नशीब समजावयाचे. या अज्ञानाची किंमत खिडकीच्या आत बसलेला माणूस देत नसे. बाहेर उभा असलेला देत असे.

आज ही स्थिती पालटू शकते. गाडीवर बसविलेले लहानसे यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःचे स्थान ओळखते आणि ते मोबाइलच्या जाळ्यातून मध्यवर्ती संगणकाकडे सतत धाडीत राहते. प्रवाशाच्या हातातील मोबाइललाही आपण कोठे आहोत हे कळत असते. या दोहोंचा मेळ घातला की 'तुमच्या थांब्यावर अमुक मिनिटांत गाडी येईल' हे उत्तर तयार होते. प्रवाशाच्या ठावठिकाण्यावरून त्याला गाडीची वेळ, रस्त्याची स्थिती, जवळचे रुग्णालय किंवा मुक्कामाची जागा सांगणाऱ्या अशा सेवांचा आता मोठा उद्योग झाला आहे. वृत्तपत्रांतून त्यांचे वर्णन तंत्रज्ञानाचा चमत्कार असे केले जाते. एखाद्या गोष्टीस चमत्कार म्हटले की तिचा मालक कोण, हे विचारणे असभ्यपणाचे ठरते. समाजवाद्यांनी तो असभ्यपणा अवश्य करावा.

या माहितीच्या निर्मितीत कोणाचा पैसा आणि कोणाचे श्रम आहेत, हे प्रथम पाहिले पाहिजे. जी.पी.एस. ही उपग्रहव्यवस्था अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि संपूर्ण व्यवस्था १९९५ साली कार्यान्वित झाली. नागरी वापरासाठी मिळणारा संकेत मुद्दाम अस्पष्ट ठेवण्याचे धोरण मे २००० मध्ये सोडून देण्यात आले, तेव्हा कोठे एखादी मोटार नेमकी कोणत्या रस्त्यावर आहे हे सामान्य माणसाला भरवशाने समजू लागले. म्हणजे हा सारा व्यवसाय ज्या दिवशी शक्य झाला तो दिवस एका सरकारी निर्णयाचा होता, कोणा उद्योजकाच्या प्रतिभेचा नव्हता. भारताने 'नाविक' ही आपली स्वतंत्र व्यवस्था उभी करावयास घेतली. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये अवकाशात गेला. तिची प्रकृती धडधाकट आहे असे म्हणवत नाही. काही उपग्रहांवरील आण्विक घड्याळे बंद पडली आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला उपग्रह इच्छित कक्षेत पोहोचू शकला नाही. परंतु जी काही आहे ती जनतेच्या पैशातून उभी आहे. नकाशांची कथाही निराळी नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ साली कंपनी सरकारने आपल्या सोयीसाठी सुरू केला. त्याचा खर्च मात्र प्रथम रयतेने आणि पुढे करदात्याने सोसला. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे करण्यावरील पूर्वपरवानगीचे बंधन उठविले. परवान्यांचे जंजाळ गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु परवाना रद्द झाल्याने माहिती आपोआप सार्वजनिक होत नाही. ज्याच्याजवळ भांडवल आहे त्याच्या स्वाधीन होण्याचा तिचा मार्ग तेवढा मोकळा होतो.

गाडीवरील यंत्राचा इतिहास तर अधिक बोलका आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका खाजगी बसमध्ये तरुणीवर झालेल्या अत्याचारानंतर देशभर संताप उसळला, आणि त्या संतापातून जे नियम झाले त्यांपैकी एक म्हणजे सार्वजनिक प्रवासी वाहनांवर स्थाननिदर्शक यंत्र व संकटसमयी दाबावयाचे बटन बसविण्याची सक्ती. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना ती लागू झाली. राज्य परिवहन महामंडळानेही त्याच वर्षी आपल्या गाड्यांवर यंत्रे बसविण्यास आरंभ केला. स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या मागणीतून जन्मलेले, तिकिटाच्या व करांच्या पैशातून विकत घेतलेले हे यंत्र. त्याने निर्माण केलेली माहिती कोणा कंत्राटदाराची खाजगी मिळकत ठरावी, याला न्यायाचा कोणता आधार आहे?

सर्वांत मोठा वाटा पुन्हा प्रवाशांचाच. रस्त्यावर कोंडी झाली आहे हे नकाशाला कसे कळते? त्या रस्त्यावरील शेकडो माणसांच्या खिशातील मोबाइल आपल्या धन्याला न विचारता आपली गती कळवीत असतात म्हणून कळते. सिमॉन वेकर्ट नावाच्या जर्मन कलावंताने २०२० च्या आरंभी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने ९९ मोबाइल एका लहानशा हातगाडीत भरले आणि ती बर्लिनच्या रस्त्यांवरून पायी ओढीत नेली. रस्ता रिकामा असूनही गूगलच्या नकाशावर तेथे वाहतूक तुंबल्याची तांबडी रेषा उमटली. लोक हसले, परंतु त्या हातगाडीने जे दाखविले ते मोठमोठ्या निबंधांना दाखविता आले नाही. नकाशावरील ज्ञान कंपनीच्या संगणकात उगवत नाही. ते चालणाऱ्याच्या पायातून येते, आणि चालणाऱ्याला त्याचा मोबदला तर नाहीच, पण आपण काही निर्माण करीत आहोत याची जाणीवही नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही माहिती चमत्कारिक वस्तू आहे. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्याला उरत नाही; गाडी दहा मैलांवर आहे हे एकाला समजले म्हणून दुसऱ्याला कमी समजत नाही. एकदा ती माहिती हाती आली की हजाराव्या प्रवाशाला ती सांगण्याचा वाढीव खर्च जवळजवळ शून्य असतो. अशा वस्तूची समाजहिताची किंमतही शून्याच्या जवळपासच असावयास हवी. बाजाराला हे मानवत नाही. त्याला नफ्यासाठी कुंपण घालावेच लागते. हे कुंपण पहिल्या दिवशी दिसत नाही. प्रथम सेवा फुकट मिळते, लोकांना तिची सवय लागते, जुनी साधने मोडकळीस येतात. मग जाहिराती येतात, मग दर येतात. २०१८ साली गूगलने आपले नकाशे वापरणाऱ्या संस्थांसाठीची दररचना बदलली, तेव्हा त्या नकाशांवर उभ्या असलेल्या कितीतरी लहान सेवांचे अंदाजपत्रक एका फटक्यात कोलमडले. ओलासारखी मोठी कंपनी २०२४ मध्ये स्वतःच्या नकाशांकडे वळू शकली. एखाद्या नगरपालिकेच्या परिवहन उपक्रमाने कोठे वळावे?

येथे सार्वजनिक क्षेत्राच्या पदरातील दोषही मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. तो झाकून समाजवादाची सेवा होत नाही. रेल्वेकडे १९८६ पासून स्वतःची संगणक-संस्था आहे, गाड्यांच्या स्थितीची चौकशी करण्याची राष्ट्रीय व्यवस्था आहे, १३९ हा दूरध्वनी आहे. तरीही कोट्यवधी प्रवासी 'व्हेअर इज माय ट्रेन' या बंगळूरच्या एका लहान कंपनीच्या सेवेकडे गेले. त्या तरुण अभियंत्यांची युक्ती खरोखरच सुरेख होती. गाडीत बसलेल्या प्रवाशाचा मोबाइल वाटेतील मनोऱ्यांचे संकेत ओळखतो आणि त्यावरून, उपग्रहाच्या व इंटरनेटच्या मदतीशिवायही, गाडी कोठे पोहोचली ते सांगतो. डिसेंबर २०१८ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. रूळ जनतेचे, इंजिन जनतेचे, वेळापत्रक जनतेचे, डब्यात बसलेली माणसे तर साक्षात जनताच. आणि गाडी कोठे आहे याचे ज्ञान मात्र कॅलिफोर्नियातील कंपनीच्या मालकीचे. पुढे रेल्वेने इस्रोच्या साहाय्याने इंजिनांवर यंत्रे बसविली व दर ३० सेकंदांनी स्थान कळविण्याची सोय केली. हे काम उत्तम आहे. परंतु मधल्या काळात जो विश्वास उडाला तो कशामुळे? यंत्र नव्हते हे कारण अर्धेच आहे. आपल्याकडील सरकारी खात्यांना माहिती ही कार्यालयीन मिळकत वाटते आणि उशिराची कबुली हा स्वतःचा अपमान वाटतो. फलकावर 'वेळेवर' लिहिलेले असताना फलाट रिकामा असण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला खाजगी कंपनीच्या कुशीत कोणी ढकलले, हे निराळे सांगावयास नको.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या सार्वजनिक बस-उपक्रमाने २००५ साली आपली वेळापत्रके कोणालाही वाचता येतील अशा ठराविक साच्यात बसविली. त्या वेळी त्याच्या जोडीला गूगलच होते हे खरे, परंतु तो साचा आज जगभर कोणीही वापरू शकतो. लंडनच्या परिवहन प्राधिकरणाने आपल्या गाड्यांची माहिती सर्वांना खुली केली. २०१७ च्या एका अहवालात त्यापासून प्रवाशांना, शहराला व प्राधिकरणाला मिळून वर्षाला १३ कोटी पौंडांपर्यंत लाभ होत असल्याचा अंदाज देण्यात आला. आपल्या देशात कोची मेट्रोने व दिल्लीच्या परिवहन खात्याने २०१८ मध्ये हे पाऊल उचलले. मुंबईत उपनगरी गाड्यांचे वेळापत्रक लोकांच्या मोबाइलवर आणण्याचे काम २०१० साली 'एम-इंडिकेटर'ने केले, तेही एका तरुणाच्या खटपटीतून. असे खटपटे तरुण गावोगावी आहेत. सार्वजनिक माहिती खुली असली तर त्यांच्यापैकी कोणालाही सेवा उभी करता येते, आणि एकाने दर वाढविले तर प्रवासी दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ती एकाच कंत्राटदाराच्या कुलपात असली तर तोच मक्तेदार. खाजगी मक्तेदारी आणि सरकारी कुलूप हे एकमेकांचे शत्रू नसून पुष्कळदा भागीदार असतात, हा धडा या प्रकरणात घेण्यासारखा आहे.

मात्र माहितीच्या या उत्साहात एक जुने सत्य दृष्टीआड होऊ नये. गाडी कोठे आहे हे सांगणे म्हणजे गाडी सोडणे नव्हे. १९७२ साली हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने बसवाहतुकीविषयी एक साधा पण दूरगामी विचार मांडला. बसच्या उत्पादनखर्चात डिझेल आणि पगार येतात तसा प्रवाशाने थांब्यावर घालविलेला वेळही येतो. तो प्रवासी स्वतःच्या खिशातून भरतो इतकेच. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाची वाट पाहण्याची वेळ घटते. म्हणून बसवाहतुकीला सरकारी साहाय्य देणे हा धर्मादाय नसून शुद्ध हिशेब आहे. महाराष्ट्राच्या एखाद्या आडमार्गावर हा हिशेब करून पाहावा. चाळीस प्रवाशांनी अर्धा-अर्धा तास वाट पाहिली तर वीस तास झाले, म्हणजे अडीच मजुरांचा दिवस. एका फेरीचा हा व्यय. महामंडळाच्या ताळेबंदात यासाठी रकाना नाही. जेथे दर दहा मिनिटांनी गाडी आहे तेथे 'गाडी कोठे आहे' हा प्रश्नच कोणी विचारीत नाही. जेथे दिवसातून दोनच फेऱ्या आहेत, तेथे त्या प्रश्नाच्या उत्तराचे मोल अर्ध्या दिवसाच्या रोजगाराइतके असते.

धोका येथेच आहे. महामंडळाच्या ताफ्यात महामारीपूर्वी १८ हजारांच्या आसपास गाड्या होत्या. पुढे त्या १५ हजारांच्या घरात आल्या. गाड्या कमी झाल्या तरी मोबाइलवरील चित्र अधिकाधिक आकर्षक होऊ शकते. फेरी रद्द झाल्याचा संदेश वेळेवर पोहोचला म्हणजे कर्तव्य संपले, अशी समजूत प्रशासनात रुजावयास वेळ लागत नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली ती खाजगी मोटारमालकांच्या मर्जीतून प्रवाशाला सोडविण्यासाठी. किफायतशीर मार्गावर गाड्यांची झुंबड आणि डोंगरातल्या गावाला काहीच नाही, ही स्थिती बदलावी म्हणून भरल्या मार्गाच्या उत्पन्नातून रिकाम्या मार्गाचा तोटा भरून काढावयाचे तत्त्व पत्करले गेले. आता तोच प्रश्न मोबाइलच्या पडद्यावर परत आला आहे. पडद्यावर जी गाडी दिसत नाही ती प्रवाशाच्या लेखी नसतेच. आराम बसचे आसन, भाड्याची मोटार हे सारे ठळक अक्षरांत दिसावे आणि तालुक्याहून सुटणारी साधी लाल गाडी कोठेच दिसू नये, असे झाले तर ती गाडी रिकामी धावेल; रिकामी धावली म्हणून बंद होईल; आणि प्रवाशांनीच तिच्याकडे पाठ फिरविली असा निष्कर्ष समितीच्या अहवालात नमूद होईल. मग उरेल वडापची जीप.

या सेवेचे खरे मोल कोठे आहे हे कोकणच्या एका रात्रीने दाखविले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल महापुरात कोसळला. जयगड–मुंबई व राजापूर–बोरिवली या दोन एस.टी. गाड्या आणि काही खाजगी वाहने काळोखात त्या तुटलेल्या टोकाशी आली व नदीत गेली. चालकांना कोणी सांगितले नव्हते, कारण सांगण्याची व्यवस्थाच नव्हती. गाड्यांचे सांगाडे पात्रातून शोधून काढण्यास कित्येक दिवस लागले. पुराच्या पाण्यात लोहचुंबक सोडून त्यांचा माग काढावा लागला. नवा पूल वर्षाच्या आत बांधून झाला, हे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे. परंतु पुलापेक्षा स्वस्त अशी एक गोष्ट करावयाची होती. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तिकडे कोसळणारा पाऊस महाडला पोहोचेपर्यंत थोडा तरी अवधी मिळतो. नदीची पातळी, जुन्या पुलाची अवस्था आणि त्या क्षणी पुलाकडे येत असलेल्या गाड्या, ही तीन माहित्या तीन निरनिराळ्या खात्यांच्या कक्षेतल्या. त्या एकत्र याव्यात हे कोणाचेच काम नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नकाशाच्या भरवशावर निघालेली मोटार रामगंगेवरील तुटक्या पुलावरून खाली पडली व तीन माणसे मृत्यू पावली. त्या पुलाचा भाग पुरात आधीच वाहून गेला होता. बांधकाम खात्याला ते ठाऊक होते. नकाशाला ठाऊक नव्हते. लोक नकाशाला हसले किंवा रागावले. पण सरकारला जे ठाऊक आहे ते वाटेवरच्या माणसापर्यंत पोहोचविण्याचे कर्तव्य कोणावर आहे, हा प्रश्न तसाच राहिला.

याचे एक उत्तर तंत्रज्ञानानेच दिले आहे, आणि ते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. २०२३ साली केंद्र सरकारने देशाच्या अनेक भागांत एक चाचणी घेतली. एके दिवशी अचानक सर्वांचे मोबाइल मोठ्याने वाजले व पडद्यावर आपत्तीच्या इशाऱ्याचा नमुना उमटला. पुष्कळ जण दचकले होते. या पद्धतीत मनोरा आपल्या परिसरातील सर्व मोबाइलना एकाच वेळी संदेश देतो. त्याला कोणाचे नाव किंवा क्रमांक ठाऊक असण्याची गरज पडत नाही. म्हणजे माणसाच्या ठावठिकाण्यानुसार माहिती द्यावयाची तर त्या माणसावर पाळत ठेवावीच लागते, हा दावा खरा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. परंतु त्या कायद्यात सरकारने स्वतःसाठी सवलतींची वाट ठेवली आहे. अमुक कार्यकर्ता अमुक दिवशी कोणत्या गावच्या सभेस गेला, हे आणीबाणीत पोलिसांना कष्टाने शोधावे लागे. आता ते मोबाइलच सांगू शकतो. गाडीचे स्थान उघड असावे, प्रवाशाचे असू नये, हा आग्रह म्हणूनच आरंभापासून धरला पाहिजे. 'माझ्या थांब्यावर गाडी कधी येईल' या प्रश्नाचे उत्तर द्यावयास विचारणाऱ्याचे नाव लागत नाही आणि उत्तर दिल्यावर त्याचे स्थान जपून ठेवण्याचेही कारण उरत नाही.

चालक-वाहकांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण गाडीचे स्थान म्हणजे त्यांचेच स्थान. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपाने एस.टी. कामगारांची दुःस्थिती सर्वांसमोर आणली. त्या कामगाराच्या डोक्यावर आता एक न मिटणारा डोळा बसविला गेला आहे. कोठे पाच मिनिटे थांबला, कोठे वेग वाढला, सारे नोंदले जाते. प्रवाशाच्या जिवासाठी वेगावर लक्ष हवेच. परंतु तीच नोंद उलट्या बाजूनेही वाचता येते. अमुक मार्गाला दिलेला वेळ खड्ड्यांमुळे अशक्य आहे, अमुक चालकाची सेवा नियमाबाहेर लांबली, अमुक घाटात गाड्या वारंवार बंद पडतात, हेही तिच्यात लिहिलेले असते. ती फक्त शिस्तभंगाच्या कारवाईसाठी उघडली जाते की वेळापत्रक माणुसकीचे करण्यासाठीही, हे कामगार संघटनांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे. रात्रीची मुक्कामी गाडी गावात किती वाजता पोहोचली हे यंत्र बिनचूक सांगते. चालक-वाहक त्या रात्री कोठे झोपले, हे ते सांगत नाही. संघटनांच्या प्रतिनिधींना या नोंदी पाहण्याचा अधिकार मिळाला पाहिजे, आणि यंत्राच्या एकट्या साक्षीवर कोणाला शिक्षा होता कामा नये.

राहिला प्रश्न ज्यांच्या हाती मोबाइलच नाही त्यांचा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ५४ टक्के आढळले. त्यांतील सर्वच मोबाइल काही नकाशा दाखविणारे नव्हते. इकडे महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण त्यामुळे एस.टी.च्या प्रवाशांत ज्यांचे प्रमाण वाढले, नेमके त्यांच्याच हाती महागडा मोबाइल असण्याचा संभव कमी. तेव्हा माहिती ॲपवर टाकली म्हणजे ती लोकांपर्यंत पोहोचली, हा भ्रम आहे. स्थानकावर मोठ्या अक्षरांचा फलक हवा, ध्वनिक्षेपकावरून मराठीत आणि जेथे कोरकू, गोंडी वा भिली बोलली जाते तेथे त्या भाषेतही घोषणा हवी. प्रत्येक थांब्याला क्रमांक असावा, आणि साध्या मोबाइलवरून तो क्रमांक दाबला की बोललेले उत्तर फुकट ऐकू यावे. यात अद्भुत असे काही नाही. १३९ हा दूरध्वनी रेल्वे कित्येक वर्षे चालवीत आहे.

तेव्हा मागावयाचे काय, याविषयी कार्यकर्त्यांनी संदिग्ध राहू नये. गाडीवरील यंत्रांचे कंत्राट कोणास, किती वर्षांसाठी, आणि कंत्राट संपल्यावर साठलेली माहिती कोणाची, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. तो अर्ज विभागीय कार्यालयात या महिन्यातच पडावा. गाड्यांच्या स्थानाची माहिती खुल्या साच्यात, कोणालाही विनामूल्य मिळावी. कोट्यवधींचा नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी ती वापरली तर त्यांच्याकडून मोबदला घ्यावयाचा की नाही, यावर पक्षात दोन मते असू शकतात. खुल्या माहितीला कुंपण घालणे धोक्याचे, हे एक मत. फुकटच्या माहितीवर धनाढ्यांनीच पोसले जाणे अन्यायाचे, हे दुसरे. दुसऱ्या मतातील न्यायबुद्धी मान्य करूनही, येथे कर हे कुंपणापेक्षा बरे साधन आहे; नफ्यावर तो वसूल करता येतो, आणि लहान खटपट्या तरुणाची वाट अडत नाही. रद्द झालेल्या फेऱ्यांची नोंदही त्याच माहितीबरोबर दर महिन्याला तालुक्यागणिक प्रसिद्ध व्हावी. हे कलम प्रशासनाला सर्वांत अप्रिय वाटेल, म्हणून त्यावर सर्वांत अधिक भर द्यावा.

आरंभ आषाढीच्या यात्रेपासून करता येईल. महामंडळ त्या काळात पंढरपूरसाठी हजारो जादा गाड्या सोडते. परतीच्या दिवशी पायांना फोड आलेली म्हातारी माणसे तात्पुरत्या स्थानकांवर पाट्या वाचीत फिरत असतात. आपल्या आगाराची गाडी नेमकी कोठे उभी आहे आणि पुढची केव्हा सुटणार हे त्यांना कळत नाही. त्या चार दिवसांपुरता प्रत्येक तात्पुरत्या स्थानकावर एक फलक, एक ध्वनिक्षेपक आणि फुकट दूरध्वनीचा एक क्रमांक एवढीच मागणी घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटावे. गाड्यांवर यंत्रे आहेत. त्यांतले उत्तर त्या म्हाताऱ्या माणसांना ऐकू येईल असे मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय तेवढी व्हावयाची आहे.